आई-बाबा अमेरिकेला निघण्याआधी: विमा, औषधं आणि दवाखान्याची तयारी

साठी-सत्तरीतल्या आई-बाबांना पाच-सहा महिन्यांसाठी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला पाठवायचं ठरलं, की विम्याचा विषय बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात निघतो आणि तिकीट काढताना समोर दिसेल त्या पॉलिसीवर संपतो. पुढे घोळ होतो तो पॉलिसी नाही म्हणून क्वचितच. पॉलिसी असते, पण नेमकी त्या आजाराला लागू नसते. नाहीतर अर्जात बीपी-शुगर लिहायचं राहिलेलं असतं. हे दोन्ही घोळ इथे घरी बसून टाळता येतात. त्यासाठी दोन महिने आधी कामाला लागायला हवं.

आधी चार गैरसमज दूर करू. अमेरिकेच्या बी-१/बी-२ म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही. विमानतळावरचा अधिकारीही सहसा तो विचारत नाही, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे घरच्यांची. मुलाच्या नोकरीतल्या विम्यात आई-वडील सहसा बसत नाहीत. इथली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारतापुरती असते. परदेशातल्या उपचारांचं कलम त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तिच्यावर विसंबा. आणि ग्रीन कार्ड मिळालं म्हणून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा, लगेच सुरू होत नाही. पासष्टी पूर्ण केलेल्या आणि तिथे कधी नोकरी न केलेल्या आई-बाबांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावरच ते विकत घेता येतं.

आणखी एक गोष्ट अर्धवट ऐकलेली असते: "तिकडे इमर्जन्सीत कुणाला परत पाठवत नाहीत." हे खरं आहे. १९८६च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला रुग्णाची ऐपत न पाहता तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर करावी लागते. पण ते फुकट नसतं. बिल नंतर घरी येतं, आणि पूर्ण येतं.

पहिली भेट डॉक्टरांची

एजंटला फोन करण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. कोणती पॉलिसी घ्यायची हे आजारांच्या यादीवरून ठरतं, आणि ती यादी बाबांना विचारून पूर्ण मिळत नाही. "मला काही नाही, बीपीची एक गोळी आहे फक्त," असं ते म्हणतात, आणि त्या एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. दुसरं कारण वेळेचं आहे. पुष्कळ पॉलिसींत अशी अट असते की प्रवासाच्या आधीच्या काही आठवड्यांत जुन्या आजाराच्या उपचारात बदल झालेला नसावा. निघायच्या चार दिवस आधी तपासणी करून गोळीचा डोस वाढवला, तर तोच बदल पुढे क्लेममध्ये आडवा येऊ शकतो. म्हणून डोस बसवायचे ते दोन महिने आधीच बसवून घ्या.

या भेटीत तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, ईसीजी आणि हृदयाचा त्रास असेल तर इको, एवढं तरी करून घ्या. दाताच्या डॉक्टरांकडे वेगळी फेरी मारा. प्रवास विम्यात अचानक उठलेल्या दातदुखीपुरती छोटी रक्कम असते. रूट कॅनाल, कॅप, कवळी त्यात येत नाही. चष्म्याची दुसरी जोडी करून घ्या. हर्निया, पित्ताशयातले खडे, प्रोस्टेट यांचं "आल्यावर बघू" म्हणून ठेवलेलं ऑपरेशन असेल, तर आत्ता करायचं की खरंच आल्यावर चालेल, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका. विमा कंपनीच्या भाषेत तो "माहीत असलेला आजार" झालेला असतो.

भारतातून पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना अमेरिकेत कोणतीही लस सक्तीची नाही. तरी हिवाळ्यात जाणार असाल तर फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या, आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. नातवंड शाळेतून सर्दी-ताप घरी आणतंच.

आता सगळ्यात उपयोगी कागद तयार करा. एकच पान, इंग्रजीत, टाइप केलेलं, खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. त्यावर पासपोर्टप्रमाणे नाव आणि जन्मतारीख, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, प्रत्येक आजार आणि तो कोणत्या वर्षापासून आहे ते, ऑपरेशनं आणि त्यांच्या तारखा, आणि सध्याच्या औषधांची नावं. औषध ब्रँडच्या नव्हे, मूळ नावाने लिहा, सोबत मिलिग्रॅम आणि वेळ. इथली तेलमिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची गोळी तिथल्या डॉक्टरला ब्रँडच्या नावावरून ओळखता येणार नाही. तारखेत महिना अक्षरांत लिहा. आपल्याकडचा ५/८ म्हणजे ५ ऑगस्ट; अमेरिकेत तोच ८ मे वाचला जातो, आणि जन्मतारीख जुळत नाही म्हणून क्लेम अडकतात.

या पानामागे शेवटच्या ईसीजीची प्रत लावा. छातीत दुखतं म्हणून कुणी दवाखान्यात गेलं आणि ईसीजीत काही वेगळं दिसलं, तर ते आजचं की पाच वर्षांपूर्वीचंच, हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. क्रिएटिनिनचा आकडा असाच कामाचा: सीटी स्कॅनसाठी रंगद्रव्य टोचण्याआधी मूत्रपिंडांची स्थिती बघतात. स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड सोबत हवंच. सगळ्याचे फोटो आई-बाबांच्या आणि मुलांच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

पॉलिसी निवडताना

पर्याय मुख्यतः दोन. भारतीय कंपनीची परदेश प्रवास पॉलिसी, रुपयांत हप्ता भरून, निघण्याआधी घेतलेली. किंवा अमेरिकेतली "व्हिजिटर" पॉलिसी, जी मुलं तिथून ऑनलाइन घेऊ शकतात.

अमेरिकी पॉलिसींत पुन्हा दोन जाती आहेत, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. पहिली ठरावीक रकमेची: डॉक्टरच्या एका भेटीचे इतके, दवाखान्यातल्या एका दिवसाचे इतके, ऑपरेशनचे इतके डॉलर असा तक्ता असतो. हप्ता स्वस्त असतो, पण खरं बिल त्या तक्त्याच्या कितीतरी पट येतं आणि वरचं सगळं तुमच्या खिशातून जातं. दुसरी सर्वसमावेशक, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह: ठरावीक डिडक्टिबल, म्हणजे बिलातली पहिली ठरलेली रक्कम, तुम्ही भरायची, पुढच्या टप्प्यात थोडा वाटा उचलायचा, आणि त्यानंतर विमा रकमेपर्यंत कंपनी भरते.

आकड्यांत पाहू. धरा, डिडक्टिबल २५० डॉलर आहे, त्यापुढच्या ५,००० डॉलरमध्ये ८०-२० चा वाटा आहे आणि मग १०० टक्के. बिल ४०,००० डॉलरचं आलं. तुम्ही भरणार २५०, अधिक ५,००० चे २० टक्के म्हणजे १,०००, एकूण १,२५०. उरलेले ३८,७५० कंपनीचे. आता हेच बिल ठरावीक रकमेच्या पॉलिसीत बसवा. तिच्या तक्त्यात त्या मुक्कामाचे आणि उपचारांचे मिळून १२,००० डॉलर निघाले, तर २८,००० तुमचे. हप्त्यात वाचवलेले दोन-चारशे डॉलर इथे एका फटक्यात जातात.

भारतीय पॉलिसीतही हीच गोम वेगळ्या नावाने असते. पहिल्या पानावर "विमा रक्कम १ लाख डॉलर" असं ठळक छापलेलं असतं आणि आत साठीच्या वरच्यांसाठी उपमर्यादा असतात: खोलीचं रोजचं भाडं, आयसीयू, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, प्रत्येकाला वेगळी कात्री. एजंटला एकच प्रश्न विचारा: "६० वर्षांवरच्यांना सब-लिमिट आहे का?" आणि उत्तर ईमेलवर घ्या.

विमा रक्कम किती घ्यावी? हृदयाचा झटका, अँजिओप्लास्टी आणि चार दिवस आयसीयू एवढ्याने बिल एक लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकतं. साठीच्या वर असाल तर ५० हजार डॉलरची पॉलिसी घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. एक लाख किमान धरा, जमलं तर अडीच लाख. पैसे वाचवायचे असतील तर डिडक्टिबल वाढवा, विमा रक्कम कमी करू नका. पाचशे डॉलरचा फटका घर सोसू शकतं, लाखाचा नाही.

जुना आजार: हे कलम दोनदा वाचा

पॉलिसीतलं हे एक कलम वाचायला अर्धा तास लागला तरी चालेल. बहुतेक प्रवास पॉलिसी आधीपासूनचे आजार वगळतात आणि मग एक खिडकी उघडी ठेवतात. भारतीय पॉलिसीत ती "जीव धोक्यात असलेल्या आणीबाणीत, ठरावीक रकमेपर्यंत" अशा शब्दांत असते. अमेरिकी पॉलिसीत तिला "अ‍ॅक्यूट ऑनसेट" म्हणतात: जुना आजार अचानक, काही पूर्वसूचना न देता उसळला, आणि ठरलेल्या तासांत, सहसा २४, उपचार घेतले, तरच भरपाई.

या शब्दांचा प्रत्यक्ष अर्थ पाहा. बाबांना मधुमेह आहे आणि एक दिवस अचानक छातीत कळ आली, तासाभरात दवाखाना गाठला: हे कलमात बसण्यासारखं आहे. पण दोन आठवडे चालताना दम लागत होता, "उगाच खर्च नको" म्हणून कुणाला सांगितलं नाही, आणि मग त्रास वाढल्यावर गेले: इथे कंपनी म्हणू शकते की हे अचानक नव्हतं. अंगावर काढायची आपल्या माणसांची सवय इथे शरीराला तर घातक आहेच, क्लेमलाही घातक आहे. हे निघण्याआधी दोघांनाही बसवून सांगा.

कलमात आणखी चार गोष्टी शोधा. वयाची पायरी: काही पॉलिसींत ७० नंतर, काहींत ८० नंतर ही रक्कम एकदम घसरते किंवा बंद होते. हृदय आणि मेंदूच्या आजारांना वेगळी, छोटी मर्यादा आहे का? आधी सांगितलेली "उपचारात बदल नको" ही अट किती दिवसांची आहे? आणि चौथी, सरळ वगळलेली कामं: नेहमीची तपासणी, जुन्या आजाराचा फॉलो-अप, चालू गोळ्या पुन्हा घेणं, डायलिसिस, आधीच निदान झालेल्या कर्करोगाचे उपचार. यासाठी प्रवास विमा नसतोच.

मग काय घ्यावं? साठीच्या वर, बीपी-शुगरसह, तीन महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर अमेरिकेतली सर्वसमावेशक, पीपीओ नेटवर्कची (कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-दवाखान्यांच्या जाळ्याची) पॉलिसी बरी पडते. दवाखान्याच्या खिडकीवर ते कार्ड ओळखलं जातं आणि बिल परस्पर पाठवणं सोपं जातं. पन्नाशीचे, निरोगी, महिनाभरासाठी जाणारे असतील तर उपमर्यादा नसलेली भारतीय पॉलिसी पुरते. तिचा एक फायदा खरा आहे: वाद झाला तर तक्रार इथे, आपल्या भाषेत करता येते.

तारखांची एक बाब. पॉलिसी विमानात बसण्याच्या दिवसापासून सुरू करा आणि परतीच्या तारखेपुढे चार-पाच दिवस ठेवा. मुक्काम वाढला तर मुदत संपण्याआधी तीच पॉलिसी वाढवून घ्या. ती संपू देऊन नवी घेतली, तर पहिल्या पॉलिसीच्या काळात झालेला आजार नव्या पॉलिसीत "जुना" ठरतो. भारतीय पॉलिसी तर बहुधा भारतात असतानाच घ्यावी लागते. पोचल्यावर आठवण झाली तर अमेरिकी पॉलिसीच उरते.

अर्ज स्वतः भरा

एजंट म्हणतो, "काका, बीपी काय सगळ्यांनाच असतं, लिहिलं तर हप्ता वाढेल." त्याचं ऐकू नका. इमर्जन्सीत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत नर्स संगणकासमोर बसून विचारते: शुगर आहे का, किती वर्षांपासून, कोणत्या गोळ्या? मुलगी घाबरलेली असते, खरं तेच सांगते: "पंधरा वर्षांपासून." ते वाक्य तसंच्या तसं नोंदीत जातं. क्लेम गेल्यावर विमा कंपनी सगळ्यात आधी हीच नोंद मागवते आणि अर्जाशेजारी ठेवते. अर्जात "नाही" असेल तर पाय मोडल्याच्या क्लेमवरही प्रश्न उभे राहतात.

म्हणून अर्जातला आजारांचा रकाना डॉक्टरांच्या त्या एका पानावरून भरा, तेच शब्द, तीच वर्षं. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. काही कंपन्या ठरावीक वयानंतर तपासण्या मागतात. त्यात वेळ जातो, म्हणूनही दोन महिने.

औषधांची पिशवी

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांपुरती औषधं नेता येतात. गोळ्या मूळ पट्ट्यांमध्ये, नावं दिसतील अशा, सोबत इंग्रजी चिठ्ठी आणि औषधाच्या दुकानाचं बिल. पट्ट्या कापून डबीत भरलेल्या सुट्या गोळ्या नेऊ नका. निम्मी औषधं आईच्या हातातल्या बॅगेत, निम्मी बाबांच्या. चेक-इन बॅगेत काहीच नको, कारण ती बॅग एखाद्या वेळी दोन दिवसांनी मिळते.

सहा महिन्यांचा मुक्काम असेल तर उरलेल्या तीन महिन्यांचं काय? नंतर चिठ्ठी, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रतीसह औषधं मागवता येतात. नाहीतर तिथल्या डॉक्टरला एकदा दाखवून चिठ्ठी घ्यावी. भारतीय डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, थायरॉइडची गोळी ही तिथेही स्वस्त मिळणारी औषधं आहेत.

पण इथली कित्येक औषधं तिथे मिळतच नाहीत. ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, व्होग्लिबोज, सिल्निडिपिन, पोटाच्या गोळीत मिसळलेलं डॉम्पेरिडोन, रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रॉम, यांपैकी एकही अमेरिकेत विक्रीला नाही. यांतलं काही चालू असेल आणि मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर तिथे मिळणारा पर्याय कोणता हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. अ‍ॅसिट्रॉमच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं: पर्याय बदलला की रक्ताची तपासणी पुन्हा बसवावी लागते.

झोपेसाठी किंवा मन शांत राहावं म्हणून एटिझोलामची गोळी चालू असेल तर ती नेऊ नका. अमेरिकेने २०२३मध्ये ती सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीत टाकली आहे. पण असली गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून पर्याय डॉक्टरांकडूनच घ्या. निमेसुलाइड तिथे विकलं जात नाही. ते घरीच ठेवा. पारा किंवा शिसं असलेली रसौषधी आणि भस्मंही नकोत. तापाची गोळी मात्र पोतंभर नेण्याची गरज नाही: आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने किराणा दुकानातही मिळतं. दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं असतं आणि सिरिंजही ४० च्या मापाची. अमेरिकेत नेहमीचं माप १०० चं आहे. इथली कुपी आणि तिथली सिरिंज एकत्र आली आणि १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात फक्त ४ युनिट जातात. उलटं झालं, तिथली कुपी आणि इथली सिरिंज, तर १० च्या जागी २५ युनिट जातात आणि साखर धोकादायक उतरते. म्हणून कुपी नेणार असाल तर सिरिंज पुरेशा इथूनच न्या. त्यापेक्षा दोन महिने आधी पेनवर जाणं चांगलं. कार्ट्रिज नेहमीच्या इन्सुलिनचं दोन्हीकडे १०० चंच असतं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

विमानात

मुंबईहून अमेरिका म्हणजे एकाच विमानाने गेलात तरी पंधरा-सोळा तास, मध्ये उतरून गेलात तर दिवसभर. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्व किनाऱ्यापर्यंत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांनी. दिवसातून एकदा घ्यायच्या बीपीच्या गोळीचं फार बिघडत नाही, पण इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्यांचं त्या एका दिवसाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळांसह लिहून घ्या. विमानात जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊ नका.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा, निदान ४८ तास आधी. चालता येत असलं तरी घ्या. मोठ्या विमानतळांवरचं अंतर आणि इमिग्रेशनची रांग गुडघ्यांना झेपत नाही. दर दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, ऑक्सिजन लागत असेल, तर विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

अमेरिका सोडून इतरत्र जाणार असाल तर

युरोपच्या शेंगेन व्हिसाला विमा सक्तीचा आहे: किमान ३०,००० युरो, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामभर लागू, मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी (आई-वडील, आजी-आजोबांच्या दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशापासून किमान वर्षभराचा विमा लागतो. ब्रिटनमध्ये पाहुण्यांना इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट आहे, पण दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं, आणि इंग्लंडमध्ये ते सरकारी दराच्या दीडपट असतं. ब्रिटन आणि कॅनडात साखर वेगळ्या मापात सांगतात: आपल्या आकड्याला १८ ने भागा, १८० म्हणजे तिथे १०.

दुबई-अबूधाबीला जाताना औषधांची यादी फार काटेकोर पाहावी. ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रीगॅबालिन, अल्प्राझोलाम यांसारख्या औषधांसाठी तिथल्या आरोग्य मंत्रालयाची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. आणि खसखस तिथे बंदीच्या यादीत आहे. दिवाळीत नातवंडांसाठी अनारसे नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जायचं असेल तर लस किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. पिवळं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.

तिथे बरं वाटेनासं झालं तर

पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी एक काम करून ठेवावं: घराजवळची दोन अर्जंट केअर केंद्रं (किरकोळ पण तातडीच्या दुखण्यांचे छोटे दवाखाने) आणि एक मोठा दवाखाना पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये आहेत का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून पत्ते फ्रिजवर लावावेत. शेजारी ९११, पॉलिसी क्रमांक आणि मदतीचा चोवीस तासांचा फोन.

ताप, खोकला, लघवीची जळजळ, पाय मुरगळणं, छोटी जखम यासाठी अर्जंट केअर. तिथे बिल सहसा काहीशे डॉलरचं होतं. हेच घेऊन इमर्जन्सीत गेलात तर हजारांत जातं, आणि काही पॉलिसी दाखल न होता केलेल्या इमर्जन्सी भेटीला वेगळं, जास्तीचं डिडक्टिबल लावतात. छातीत दुखणं, अचानक बोबडी वळणं, एका बाजूची शक्ती जाणं, श्वास न पुरणं, डोक्याला मार, शुद्ध हरपणं: इथे विमा कंपनीला फोन करत बसू नका, ९११ लावा. कंपनीला कळवायला बहुतेक पॉलिसी २४ ते ४८ तास देतात. त्या मुदतीत कळवा आणि केस नंबर लिहून घ्या.

दवाखान्यात दुभाषा मागा. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना तो फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवर किंवा पडद्यावर. मराठी मिळाला नाही तर हिंदी. मुलगी इंग्रजी उत्तम बोलते म्हणून तिलाच दुभाषा करू नका. आई मुलीसमोर लघवीच्या तक्रारी सांगताना अर्धं गाळते, आणि मुलगी घाबरून उरलेलं सौम्य करते. मात्र डॉक्टरांनी मुलांशी बोलावं यासाठी आई-बाबांची संमती लागते. ती दाखल होतानाच द्या.

खिडकीवर विम्याचं कार्ड लगेच दाखवा. "नंतर बघू" म्हणून स्वतः पैसे भरणारे अशी नोंद झाली, तर बिल कंपनीऐवजी थेट घरी येत राहतं.

अप्रिय आहे, पण पाहून ठेवा: पॉलिसीत मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च किती धरला आहे? अशी वेळ आली तर भारतीय वाणिज्य दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं, अस्थी आणायच्या असल्या तरीही. मूळ पासपोर्ट कुठे ठेवला आहे हे घरातल्या दोघांना माहीत असावं.

बिलं आणि क्लेम

अमेरिकेत एका मुक्कामाची चार-पाच वेगळी बिलं येतात: दवाखाना, इमर्जन्सीचा डॉक्टर, एक्स-रे वाचणारा, प्रयोगशाळा, अ‍ॅम्ब्युलन्स. एक भरलं म्हणजे संपलं असं समजू नका. प्रत्येकावर विमा क्रमांक आहे का ते पाहा आणि तपशीलवार, ओळीओळीचं बिल मागा. न झालेल्या तपासण्या त्यात सापडतात. कंपनीचं उत्तर येण्याआधी घाईने पूर्ण बिल भरू नका, पण बिल देणाऱ्याला "क्लेम चालू आहे" असं लेखी कळवत राहा, म्हणजे ते वसुली करणाऱ्या एजन्सीकडे जात नाही.

क्लेमचा अर्ज भरण्याची मुदत पॉलिसीनुसार बदलते, अनेक ठिकाणी ३० ते ९० दिवस. सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत, प्रवेशाचा शिक्का किंवा आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीची) छापील प्रत, डिस्चार्ज समरी, बिलं आणि भारतातल्या डॉक्टरांची जुनी कागदपत्रं लागतात. कंपनी जुने कागद मागते तेव्हा लोक चिडून उत्तरच देत नाहीत आणि फाइल तिथेच बंद होते. तुमचं ते एक पान असेल तर उत्तर एका दिवसात जातं.

काही भाग विम्यात बसलाच नाही, तर दवाखान्याच्या आर्थिक मदत विभागाकडे अर्ज करा. ना-नफा तत्त्वावरच्या दवाखान्यांना असं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घेतला जातो. पाहुण्यांना त्यात बसवायचं की नाही हे प्रत्येक दवाखाना ठरवतो; विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

भारतीय पॉलिसीचा क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

परतताना दवाखान्यातून स्कॅनची सीडी आणि सगळे रिपोर्ट मागून घ्या आणि इथल्या डॉक्टरांच्या फाइलला लावा. बिलांचा पत्ता मात्र मुलांच्या घरचाच राहू द्या. आई-बाबा पुण्याला पोचून चार महिने झाले तरी एखाद्या प्रयोगशाळेचं बिल तिकडच्या पत्रपेटीत येतं, म्हणून अर्ज करताना दिलेला ईमेल आणि पॉलिसीचा क्रमांक वर्षभर तरी हाताशी ठेवा.